बुवा, वाफ येऊ द्या

गेल्या मार्गशीर्षात माझा डावा खांदा आखडला. डॉक्टरांनी त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं. नाव ऐकून क्षणभर मला आपण एखाद्या आइस्क्रीमच्या दुकानात बसलोय असं वाटलं. मग त्यांनी हात वर करायला सांगितला आणि आइस्क्रीम जागच्या जागी वितळलं. व्यायाम करा, शेक घ्या, धीर धरा, एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता म्हणाले, ‘आणि तो तुमचा भाता काही महिने बंद.’

भाता म्हणजे पेटीचा. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. ‘वाजवतो’ हे क्रियापद मंडळाने तीस वर्षं मोठ्या मनाने चालवून घेतलेलं आहे. बुवांची पट्टी काळी दोन, त्यामुळे माझ्या पेटीवर काळी दोनच्या आसपासचे पडदे झिजलेत आणि दोन्ही टोकांचे अजून कोरे करकरीत आहेत. पण मंडळात दुसरा पेटीवाला नाही. आणि आषाढी एकादशीचं भजन पेटीवाचून झालं असं आमच्या सोसायटीच्या इतिहासात नाही.

इतिहास तसा लहानच आहे. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने चारकोपला छोटे छोटे प्लॉट पाडले आणि मधल्या चौकाभोवती तीस-पस्तीस घरांची एकेक सोसायटी बसवली. पुढे घरं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर चढली, चौक मात्र होता तेवढाच राहिला. क्रिकेट, हळदीकुंकू, पापडांचं वाळवण, सत्यनारायण, पार्किंगची भांडणं आणि एकादशीचं भजन, सगळं त्यातच. सोय चांगली आहे. गैरसोय एवढीच की घरात बसून तुम्ही जो काही मूर्खपणा कराल तो चौकात ऐकू जातो आणि संध्याकाळपर्यंत सल्ल्यांसकट परत येतो.

पेटीवाल्याचं जे काही कौतुक होतं ते उजव्या हाताचं. डावा हात म्हणजे हमाल. पाव्हण्यांचं सामान उचलायचं आणि फोटोच्या वेळी बाजूला व्हायचं. माझंही मत असंच होतं. म्हणून आधी शेजारच्या दहावीतल्या पोराला भात्यावर बसवलं. मोबदला, एका भजनाला एक वडापाव. पोरगं गुणी. एका हाताने भाता मारायचं, दुसऱ्या हातात मोबाइल. खेळात विकेट पडली की याचा भाता थांबायचा आणि बुवा वरच्या षड्जावर एकटेच लटकायचे. तिसऱ्या गुरुवारी बुवांनी मला बाजूला घेतलं. ‘याचा वडापाव मी देतो,’ म्हणाले, ‘पण याला घरी खाऊ दे.’

इथे इंजिनाचा प्रवेश होतो.

भाच्याने काही वर्षांपूर्वी जर्मनीहून माझ्यासाठी वाफेचं खेळण्यातलं इंजिन आणलं होतं. खेळण्यातलं म्हणजे आकाराने. बाकी सगळं खरं. पितळी बॉयलर, त्यात चहाच्या कपाएवढं पाणी. खाली पांढऱ्या चपट्या इंधनाच्या वड्या पेटवायच्या. पाण्याची वाफ झाली की एक करंगळीएवढा सिलिंडर डुलायला लागतो आणि लाल फ्लायव्हील गरगरतं. वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी. हे यंत्र आमच्या शोकेसमध्ये ताजमहाल आणि शंखाच्या मध्ये उभं होतं. एका रात्री खांद्यावर शेकाची पिशवी घेऊन मी पडलो होतो. पिशवीतून वाफ येत होती. समोर इंजिन होतं, खाली पेटी होती. न्यूटनला निदान झाडाखाली तरी बसावं लागलं.

सकाळी मी बायकोला विषयाची पार्श्वभूमी समजावून दिली. म्हटलं, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकातच पवनचक्कीवर ऑर्गनमध्ये हवा भरणारा दट्ट्या चालवण्याची रचना लिहून ठेवली आहे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, जो आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, त्याच्या पोटात भाता आणि छोटा ऑर्गन आहे. हँडल फिरवलं की वाघ गुरगुरतो आणि त्याच्याखाली पडलेला गोरा साहेब कण्हतो. अमेरिकेत 1855 साली जोशुआ स्टॉडर्डने तर थेट वाफेवर वाजणाऱ्या शिट्ट्यांच्या वाद्याचं पेटंट घेतलं. ते पुढे नदीतल्या बोटींवर आणि सर्कशीत मैलभर ऐकू जायचं. ही परंपरा आहे, म्हटलं.

‘ह्या सगळ्यांच्या बायका काय म्हणाल्या ते लिहिलंय का कुठे?’ तिने विचारलं.

त्याची नोंद नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी चौकातूनच सुचवलं की शिलाई मशीनची मोटर लावा, दोन तासांचं काम आहे. त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. मोटर काय, कोणीही लावेल. दुसऱ्या एकाने तर मोबाइल पुढे केला, ‘काका, यात तानपुरा, तबला, सगळं येतं.’ मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीकडे पाहिलं होतं. तेव्हा पेटी परकी ठरवून रेडिओवरून हद्दपार केली होती आणि ती परत यायला तीस वर्षं लागली.

आता मुद्दा गतीचा. इंजिन मिनिटाला बाराशे फेरे मारतं. भात्याला तीस-पस्तीस पुरेत. मला वाटलं यावरचा उपाय माळ्यावर पडलाय, जुना टेबलफॅन. पंख्याच्या मानेत गिअर असतात. तेच पात्यांच्या भन्नाट वेगातून मानेची संथ हालचाल काढतात. मी पंख्याचा शिरच्छेद केला, मान सोडवली, इंजिनाला जोडली. मान हलली. मिनिटाला सहा वेळा. या वेगाने पेटी गायली नसती, नुसती उसासे टाकत बसली असती. शिवाय मला हवी असलेली गती गिअरमधून काढायला निघालो तेव्हा एक दात तुटला. गिअरचा. माझा तेवढा वाचला.

मग पुल्या. चारकोपच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात लेथवर काम करणारे एक मामा आहेत. त्यांच्यापुढे मी कागद ठेवला. दोन टप्पे, सहाला एक आणि पुन्हा सहाला एक, म्हणजे छत्तिसाला एक. बाराशे भागिले छत्तीस, तेहतीस आणि थोडे. मामांनी चष्मा वर केला.

‘काय चालवायचंय यावर?’

‘पेटी.’

‘कसली पेटी? पत्र्याची?’

‘गाण्याची. भजनासाठी.’

मामांनी लेथ बंद केला. त्यांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी पुल्या काढल्या असतील, पण विठ्ठलासाठी नव्हत्या. नायलॉनच्या गट्टूतून त्यांनी दोन मोठ्या, दोन छोट्या पुल्या अशा काही सफाईने काढल्या की मला माझ्या कागदाची लाज वाटली. पैसे पूर्ण घेतले. देवाचं काम म्हणून दहा रुपये सोडले.

शिलाई मशीनची चामडी वादी, सायकलची स्पोक वाकवून केलेला दांडा, पोळपाटाएवढ्या फळीवर सगळं आवळलेलं, आणि ती फळी पेटीच्या मागे उभी. दांड्याचं टोक भात्याच्या वरच्या कडेला. पहिली चाचणी स्वयंपाकघरात घेतली, कारण तिथे फरशी आहे आणि बायको माहेरी होती.

इंजिन सुरू झालं, चार फेरे मारले आणि थांबलं. चाकाला बोट लावून ढकललं की पुन्हा चार फेरे. ह्याचं कारण समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. भाता मिटताना हवा आत ढकलतो, तेव्हा जोर लागतो. उघडताना काहीच लागत नाही. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात इंजिन घाटात बैलगाडी चढवतंय आणि उरलेल्या अर्ध्यात तीच गाडी उतारावरून मोकाट सुटतेय. माणसाचा हात हे न सांगता सांभाळतो. तो भाता पूर्ण मिटतच नाही. थोडी हवा हातची राखून लहान लहान दाब देत राहतो. माझं यंत्र शेवटपर्यंत मिटायचं आणि शेवटपर्यंत उघडायचं. प्रामाणिक नोकरासारखं. पेटीतून आवाज आला, हं… फू… हं… फू… जिना चढून आलेल्या माणसाचा.

दुसरी अडचण त्याहून खोडसाळ. पेटीला भाते दोन. बाहेरचा आपण मारतो तो, आणि आत दुसरा, स्प्रिंगांनी दाबून धरलेला. बाहेरचा हवा भरतो, आतला ती एकसारखी सोडतो. आता मी पडद्यावरून बोटं उचलली की हवेला बाहेर पडायला वाट नाही. आतला भाता टम्म फुगतो, बाहेरचा मिटेना, वादी पुलीवर किंचाळत घसरायला लागते आणि ओझं सुटलेलं इंजिन पिसाळल्यासारखं सुटतं. माणूस अशा वेळी हात थांबवतो. मी उपाय काढला. समोरच्या खुंट्यांपैकी काळी दोनच्या षड्जाची एक कायमची ओढून ठेवली. म्हणजे काही वाजवा न वाजवा, तेवढ्यातून हवा जात राहील. पेटीची सूरपेटी झाली. भजनाला सतत षड्ज मिळेल, हेही बरंच, असं मी स्वतःला पटवलं. संशोधकाला स्वतःला पटवण्याची कला आधी यावी लागते.

एकादशीला दुपारपासून पाऊस. चौकात ताडपत्री बांधली होती. विठोबाचा फोटो, हार, त्याच्यापुढे पखवाज, टाळ, बुवा आणि एका बाजूला मी, माझं इंजिन आणि इंजिनाचा कर्मचारीवर्ग. दहावीतलं पोरगं चाक अडलं की ढकलायला. त्याचा धाकटा भाऊ फळी सरकू नये म्हणून तिच्यावर बसायला. भाचा सुट्टीवर आला होता, तो जाळ आणि पाणी बघायला. डाव्या हाताच्या जागी अडीच माणसं आणि एक बॉयलर. बुवांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ‘सुरू करायचं?’ त्यांनी विचारलं. मी काचेत पाणी बघितलं, फ्लायव्हीलला बोट लावलं. ‘बुवा, वाफ येऊ द्या,’ मी म्हटलं.

तीस वर्षांत मंडळ माझ्यासाठी थांबलं ते हे पहिल्यांदा.

गजर बरा झाला. गजरात टाळांचा असा काही कल्लोळ असतो की पेटीऐवजी मिक्सर लावला तरी कळणार नाही. रूपाच्या अभंगाला पहिला घोटाळा. इंजिनाच्या नळीतून वाफेबरोबर गरम पाणी आणि तेलाचे बारीक थेंब उडतात, हे मला ठाऊक होतं. ते कुठल्या दिशेला उडतात याचा विचार मी केला नव्हता. ते बुवांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या दिशेला उडत होते. बुवा डोळे मिटून गातात हे माझं नशीब.

दुसऱ्या अभंगाच्या मध्यात इंधनाच्या वड्या संपल्या. भाच्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आरतीच्या तबकातला कापूर उचलून बॉयलरखाली सारला. कापूर छान पेटतो. काजळीही छान धरतो. पितळेचं लखलखीत बॉयलर दोन मिनिटांत तव्यासारखं झालं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी उठल्या. त्यांना लांबचं नीट दिसत नाही. कापराचा वास आला, ज्योत दिसली. त्या हळूहळू आल्या, बॉयलरसमोर वाकल्या, दोन्ही हात जाळावर धरून तोंडावरून फिरवले, इंजिनाला नमस्कार केला आणि फळीवर दहाचं नाणं ठेवलं. त्यांच्यामागे आणखी दोघी आल्या. मी वाजवत होतो. मी काय बोलणार?

मग शिट्टी. ती कोणी ओढली हे चौकशीत निष्पन्न झालं नाही, पण दहावीतल्या पोराच्या बोटाला नंतर फोड होता. शिट्टी काळी दोनच्या कुठल्याच सुरात नव्हती. ती होती थेट कुकरच्या सुरात. तीन बायका ताडकन उठल्या. उपासाचे बटाटे गॅसवर ठेवून आलेल्या त्या, घरात पळाल्या. दुसऱ्या शिट्टीला चौथी. माझी बायको बसून राहिली. तिने एकदा इंजिनाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

खरी गंमत याच्याही पुढची. तेहतीसच्या संथ ठेक्याने चाललेल्या त्या हं-फू, हं-फूवर हळूहळू पखवाज बसला. ठरवून नव्हे, माणसाचं तसं होतंच. पखवाजावर टाळ बसले, टाळांवर बुवा. आता कापूर संपत आला. वाफ कमी झाली. इंजिन मंदावलं. पखवाज मंदावला. भजनी ठेका जड होत होत असा काही विलंबित झाला की एखाद्या ख्यालियाने हात जोडावेत. बुवा एका शब्दावर इतका वेळ थांबले की मागचे टाळकरी दोनदा पुढच्या ओळीला जाऊन परत आले. मग भाच्याने उरलेला कापूर एकदम लोटला. चाक उसळलं, पखवाज उसळला, आणि अख्खी सोसायटी चौपट लयीत विठ्ठलाच्या मागे धावायला लागली. ताडपत्रीवर पाऊस, खाली काळा धूर. सोसायटीच्या वॉचमनने बाहेरून बादली आणली आणि कोणावर ओतायची ते न कळून उभा राहिला.

सेफ्टी व्हॉल्व्हने शेवटी फुस्स केलं आणि वादी तुटली. पेटीचा आवाज गेला. बुवांनी अभंग तसाच, पेटीशिवाय, पुरा केला. आमच्या सोसायटीच्या इतिहासात पेटीशिवाय झालेला तो पहिला अभंग. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळचा तोच सगळ्यात चांगला झाला.

प्रसादाला बुवा माझ्याशेजारी बसले. सदरा तेलाने ठिपकेदार झाला होता, पण त्याबद्दल ते बोलले नाहीत. केळं सोलत म्हणाले, ‘तुमचा हात कसा होता माहितेय? मी दम घ्यायला थांबलो की तोही थांबायचा. हे तुमचं इंजिन माझा दम संपायच्या आत त्याचा दम घेतं.’ तीस वर्षांत बुवांनी माझ्या वाजवण्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला उद्गार, आणि तोही हमालाबद्दल. उजव्या हाताचा विषय त्यांनी काढला नाही.

पेटी मी दादरला दुरुस्तीला नेली. कारागिराने भाता उघडला आणि बराच वेळ बोलला नाही. ओलसर वाफेने घड्यांचा सरस सुटला होता. पुठ्ठा फुगला होता, चामड्याच्या पट्ट्या निघाल्या होत्या. सूर तेवढे शाबूत होते. पालिताण्याचे जुने सूर, त्यांनी याहून वाईट वादक पाहिले असतील.

‘ही कुकरवर ठेवली होती का?’ त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. हेरॉन वगळला. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, हात जमत नसेल तर पायपेटी घ्यायची.’

मी तिथल्या स्टुलावर बसलो. पॅरिसच्या अलेक्झांडर डबेनने 1842 साली हार्मोनियम या नावाचं पेटंट घेतलं तेव्हा ते वाद्य पायानेच चालत होतं. दोन पायटे, दोन्ही हात मोकळे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी पाय काढून टाकले आणि भाता मागे बसवला, कारण आपल्याला मांडी घालून गायची सवय. आपल्या संगीत नाटकांनी मात्र पाय सोडला नाही. बालगंधर्वांच्या पदांमागे जो ऑर्गन वाजायचा तो पायानेच भरला जायचा. म्हणजे माझ्या खांद्याचं उत्तर मी जन्मायच्या आधीपासून मराठी रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या नाकासमोर उभं होतं. आणि मी पंख्याची मान कापत बसलो होतो. एवढं सगळं मला आधीपासून माहीत होतं, हा त्यातला चीड आणणारा भाग. बायकोला हेरॉन सांगितला त्याच सकाळी मी डबेनही सांगितला होता. तिने आठवण करून दिली.

खांदा आता बराच सुटलाय. डॉक्टर म्हणतात, अजून दोन-तीन महिने. तोवर एक विनंती. कोणाकडे जुनी पायपेटी पडून असेल, पायटे चालू असतील, तर कृपया कळवा. चारकोपपर्यंत आणण्याचा खर्च मी करेन. माझे गुडघे अजून उत्तम आहेत. बदल्यात वाफेचं इंजिन मिळेल. काजळी निघालेली नाही, पण शिट्टी व्यवस्थित वाजते. चार नायलॉनच्या पुल्याही देईन, त्या निर्दोष आहेत. टेबलफॅन हवा असेल तर तोही न्या. त्याला मान नाही.